समुद्रकिनाऱ्याचा चित्रकार : विल्यम डॅनियल

बिदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारख्या गावात वाढणाऱ्या मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो चित्रात. भोवताली मांजरेच्या खोऱ्यातील काळी जमीन, तुरीची आणि हरभऱ्याची शेते, आणि पश्चिमेचा किनारा तेथून शेकडो मैल दूर. क्रमिक पुस्तकातील एखादे शिडाचे गलबत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील फेसाळ लाट, एवढ्या सामग्रीवर त्याच्या मनातला समुद्र तयार होतो. आणि पुढे कधी तो मुंबईस गेलाच, तर समोरचा समुद्र त्या चित्रासारखा आहे की नाही, हे तो पाहतो. ज्याने मूळ वस्तू पाहिलेली नाही त्याला चित्राची पारख करता येत नाही. त्याला चित्रकारावर विश्वासच ठेवावा लागतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या बाबतीत इंग्लंडातील सामान्य माणसाची अवस्था अशीच होती. कंपनीच्या जहाजांतून माल येत होता, नबाबी थाटाने परतलेल्या साहेबांच्या कथा येत होत्या. परंतु हा देश दिसतो कसा, त्याची देवळे, घाट, लेणी, किल्ले कसे आहेत, हे पाहण्याचे साधन जवळजवळ नव्हते. ते साधन ज्या दोन माणसांनी मोठ्या प्रमाणावर पुरविले ते म्हणजे टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम. काका निसर्गदृश्यांचा चित्रकार म्हणूनच राहिला. पुतण्या मात्र पुढे समुद्राकडे वळला आणि ब्रिटनच्या सागरचित्रकारांत व ग्रंथचित्रकारांत त्याने स्वतःचे स्थान मिळविले. मुंबईचा, घारापुरीचा आणि साष्टीच्या लेण्यांचा त्याच्या आयुष्याशी जो संबंध आला, त्यामुळे मराठी वाचकाला त्याची हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही.

विल्यमचा जन्म १७६९ मध्ये टेम्स नदीच्या काठी किंग्स्टन येथे झाला. बाप गवंडीकाम करणारा होता आणि जवळच्या चर्ट्सी गावी त्याची एक खाणावळवजा दारूची पेढी होती. १७७९ मध्ये बाप वारला आणि दहा वर्षांचा मुलगा काकाच्या घरी गेला. ह्या एका घटनेने त्याचे आयुष्य ठरून गेले. टॉमसला लंडनमध्ये म्हणावे तसे यश मिळत नव्हते. १७८४ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे हिंदुस्थानात जाण्याचा परवाना मागितला, तो खोदचित्रांचे काम करणारा म्हणून. आणि पुतण्याला मदतनीस म्हणून बरोबर घेतले. ७ एप्रिल १७८५ रोजी ग्रेव्हसेंड बंदरातून 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजाने दोघे निघाले. हे जहाज प्रथम चीनला जाणारे होते. चीनचा फेरा करून १७८६ च्या आरंभी काका-पुतणे कलकत्त्यास उतरले तेव्हा विल्यम अवघा सोळा वर्षांचा होता, आणि त्यापूर्वीचे बरेच महिने त्याने पाण्यावर काढलेले होते. पुढे लाटांची चढउतार, वाऱ्याने फुगलेले शीड, वादळानंतर निवळणारे आकाश ह्या गोष्टी तो ज्या सहजतेने काढीत असे, तिचा उगम ह्या पोरवयातल्या प्रवासात आहे.

कलकत्त्यात त्यांनी शहराच्या बारा दृश्यांचा संच छापला. त्या वेळी तेथे अशा कामाला लागणारे कसबी लोक आणि साहित्य मिळणे कठीण होते. चित्रकार, खोदकाम करणारा, तांबट, छापणारा आणि छापखान्यातला पोऱ्या ही सारी कामे आपली आपल्यालाच करावी लागली, अशा आशयाची कुरकुर टॉमसने एका पत्रात केली आहे. ह्या ओढाताणीत पुतण्याच्या हातावर जे संस्कार झाले ते कोणत्याही शाळेत झाले नसते. तो नुसता चित्र काढावयास शिकला नाही. चित्राच्या शेकडो प्रती कशा निघतात हे शिकला.

१७८८ ते १७९१ ह्या काळात दोघांनी उत्तर हिंदुस्थानचा मोठा दौरा केला. गंगेतून होडीने, पुढे पालखीने व घोड्यावरून ते आग्रा-दिल्लीपर्यंत आणि तेथून १७८९ मध्ये गढवालातील श्रीनगरपर्यंत पोचले. विल्यम ह्या प्रवासात रोजनिशी लिहीत असे. तिच्यावरून त्यांची कामाची पद्धत कळते. त्यांच्याजवळ 'कॅमेरा ऑब्स्क्यूरा' होता. ही एक अंधारी पेटी. तिच्या भिंगातून समोरच्या देखाव्याचे प्रतिबिंब आत येते, आरशाने ते कागदावर पाडले जाते, आणि चित्रकार पेन्सिलीने त्या प्रतिबिंबाच्या कडा गिरवून घेतो. देवळाचे शिखर किती उंच, कमान किती रुंद, घाटाच्या पायऱ्या कोणत्या कोनात उतरतात, हे सारे डोळ्याच्या अंदाजावर न सोडता मापात उतरते. काका रंगाचा व रचनेचा विचार करी आणि रेषा उतरवून घेण्याचे काम पुष्कळसे पुतण्याकडे असे.

त्यांच्या आधी काही वर्षे विल्यम हॉजेस नावाचा चित्रकार हिंदुस्थानात येऊन गेला होता. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत तो चित्रकार म्हणून गेलेला होता आणि त्याच्या हिंदुस्थानी दृश्यांचे छापील संच डॅनियल काका-पुतण्यांनी बरोबर बाळगले होते. ज्या जागी हॉजेसने चित्र काढले त्याच जागी जाऊन ते छापील चित्र आणि समोरची इमारत ताडून पाहत, आणि चूक दिसली की ती नोंदवून ठेवीत. ह्यात धंद्यातली चुरस आहेच. परंतु घरी बसून पाहणाऱ्याला जी परीक्षा करता येत नाही ती आपण जागेवर जाऊन करावी, अशी एक सचोटीही आहे.

ह्या भटकंतीचा खर्च भागविण्याची त्यांची युक्तीही मोठी मजेची होती. ते आपल्या तैलचित्रांची सोडत काढीत. कंपनीचे अधिकारी, व्यापारी तिकिटे घेत, बक्षीस म्हणून चित्रे वाटली जात आणि जमलेल्या पैशावर पुढचा दौरा निघे. कलकत्त्याच्या सोडतीवर ते १७९२ मध्ये मद्रासला आले. त्याच वर्षी श्रीरंगपट्टणचा तह होऊन टिपू सुलतानाशी चाललेले युद्ध थांबले होते. ह्या युद्धात मराठे आणि निजाम दोघेही इंग्रजांच्या बाजूस होते. दक्षिणेतील डोंगरी किल्ल्यांची चित्रे लोकांना हवी होती, तेव्हा दोघे सैन्याच्या मागावरून म्हैसूरकडील मुलूख हिंडले. मद्रासला परतल्यावर पुन्हा एक सोडत काढली आणि समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्याकडे निघाले.

१७९३ च्या मार्चमध्ये ते मुंबईस पोचले. तेथे त्यांना भेटला जेम्स वेल्स. हा स्कॉटलंडमधील पीटरहेड ह्या बंदरगावचा चित्रकार. १७९१ मध्ये तो मुंबईला आला होता आणि पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्या आश्रयाने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे ह्यांची चित्रे काढीत होता. वेल्सला लेण्यांचे वेड होते. त्याने डॅनियल काका-पुतण्यांना आपल्याबरोबर घारापुरीला नेले आणि साष्टी बेटावरील लेणी दाखविली. थोड्या आठवड्यांचा हा मुक्काम. पण 'ओरिएंटल सीनरी' ह्या त्यांच्या पुढच्या प्रचंड ग्रंथात घारापुरीच्या लेण्याचे प्रवेशद्वार, त्याचा अंतर्भाग आणि साष्टीतील लेण्यांची दृश्ये आली ती ह्या मुक्कामामुळे. त्या वेळी घारापुरीच्या धक्क्याजवळचा दगडी हत्ती अजून उभा होता. त्याची मान व डोके १८१४ मध्ये गळून पडले, आणि पुढे त्याचे अवशेष मुंबईत नेऊन जुळविण्यात आले. आज तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे.

एक-दोनच वर्षांपूर्वी त्या मुलखावर काय गुदरले होते, ह्याची आठवण येथे ठेवावयास हवी. १७९१-९२ ह्या वर्षांतला दुष्काळ दख्खनच्या इतिहासात कवट्यांचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो. प्रेते पुरावयास अगर जाळावयास माणसे उरली नाहीत, रानोमाळ हाडे पडली, म्हणून हे नाव. निजामाचा मुलूख, मराठ्यांचा मुलूख, मुंबईचा आसपास, सगळेच त्यात पोळले. डॅनियलांच्या दृश्यांत त्याची खूण आढळत नाही. लेण्यांच्या दाराशी विसावलेली माणसे आहेत, झाडी आहे, खांबांवर तिरपा पडलेला प्रकाश आहे. चित्रे खोटी नाहीत. स्तंभांची प्रमाणे आजही जाऊन ताडून पाहावीत. परंतु पेटीचे भिंग कोठे वळवावयाचे हे चित्रकार ठरवितो, आणि चित्रे विकत घेणाऱ्याला काय हवे आहे हे चित्रकाराला ठाऊक असते.

मुंबईहून त्यांनी मस्कतची वाट धरली. इंग्लंड-फ्रान्समधील युद्धामुळे बेत बदलावे लागले आणि अखेर १७९४ च्या सप्टेंबरात दोघे इंग्लंडला पोचले. नऊ वर्षांपूर्वी गेलेला पोरगा पंचविशीचा होऊन आला होता. पेट्या रेखाचित्रांनी भरल्या होत्या, आणि खरे काम आता सुरू व्हावयाचे होते.

ते काम 'अ‍ॅक्वाटिंट' ह्या पद्धतीचे होते. नाव 'अ‍ॅक्वा' म्हणजे पाणी ह्यावरून पडले, कारण ह्या पद्धतीने छापलेले चित्र पातळ रंगाच्या हाताने भरल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्यात मुख्य पराक्रम तेजाबाचा. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यावयाचा. त्यावर राळेची अगदी बारीक भुकटी सारखी पसरावयाची आणि पत्रा खालून तापवावयाचा, म्हणजे भुकटीचा कण न् कण वितळून जागच्या जागी चिकटतो. मग पत्र्यावर पातळ केलेले तेजाब ओतावयाचे. कण जेथे आहेत तेथे तांबे सुरक्षित राहते आणि कणांच्या मधल्या फटींत तेजाब तांबे खाते. थोडा वेळ खाऊ दिले तर खळगे उथळ होतात. त्यांत शाई थोडी राहते व छाप फिका येतो. जास्त वेळ खाऊ दिले तर खळगे खोल होतात व छाप गडद येतो. आता आकाशाचा सर्वांत फिका भाग हवा तेवढा झाला की पत्रा धुऊन त्या भागावर रोगण लावून तो बंद करावयाचा आणि बाकीचा पुन्हा तेजाबाला द्यावयाचा. ढगांची कड झाली की ती बंद. दूरचे डोंगर झाले की ते बंद. असे करीत करीत शेवटी राहतात त्या जवळच्या सावल्या. प्रत्येक पायरी घड्याळावर आणि अनुभवावर चालते. एकदा जास्त खाल्लेले तांबे परत येत नाही. छाप निघाल्यावर त्यावर हाताने जलरंग चढवीत.

रेषेरेषेने कोरलेल्या खोदचित्रात पाणी काढणे अवघड जाते. लाट तारांच्या जाळीसारखी दिसू लागते. अ‍ॅक्वाटिंटमध्ये रेषा नाहीच, आहे ती छटा. धुके, ओलसर वाळू, भरतीचे पाणी, लेण्यातला अंधार ह्या सगळ्या छटांच्याच गोष्टी. विल्यमला हे साधन सापडले आणि त्याने त्यात स्वतःला गाडून घेतले. परत आल्यानंतरची सात वर्षे ही कला हस्तगत करण्यासाठी तो सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत काम करीत असे, अशी नोंद समकालीन चित्रकार जोसेफ फॅरिंग्टनच्या दैनंदिनीतून मिळते. १७९५ ते १८०८ ह्या काळात 'ओरिएंटल सीनरी' सहा भागांत पुरी झाली. एकूण चित्रे १४४, आणि पुऱ्या संचाची किंमत २१० पौंड. ही रक्कम त्या काळी सामान्य कारागिराच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढी होती. म्हणजे घरी बसून हिंदुस्थान पाहण्याची चैनही श्रीमंतांचीच होती.

ह्याच संचाचा एक भाग वेरूळचा आहे, आणि तेथे आपल्याकडच्या वाचकाने थोडे थांबले पाहिजे. जेम्स वेल्स साष्टीतल्या लेण्यांचे काम करीत असता आजारी पडून नोव्हेंबर १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाचित्रे मॅलेटने इंग्लंडला नेली आणि १८०३ मध्ये टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली त्यांचे २४ ताम्रपट छापून प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे. तिसरे एक नाव नाही. पुण्यात मॅलेट आणि वेल्स ह्यांच्या हाताखाली गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट नावाचा चित्रकार काम करीत होता. वेरूळची लेणी काढण्यासाठी मॅलेटने त्याला पाठविले होते. मॅलेटने वेरूळवर जो वृत्तान्त 'एशियाटिक रिसर्चेस' मध्ये प्रसिद्ध केला त्याला गंगारामाच्या चित्रांचाच आधार होता, आणि वेल्सच्या कामालाही त्याच्या रेखाटनांची मदत झाली. कलकत्त्यात स्वतःवर तांबटाचे काम करण्याची पाळी आली म्हणून टॉमस डॅनियल कुरकुरला होता. पुण्यात तांबट चित्रकाराचे काम करीत होता, आणि ते कोणी कुरकुरण्याजोगे मानले नाही, नोंदविण्याजोगेही मानले नाही.

ह्या भागाच्या नावातही एक गफलत आहे. पुस्तकाचे नाव सांगते की ही 'हिंदू' लेणी आहेत. आत मात्र विश्वकर्म्याचे लेणे म्हणून प्रसिद्ध असलेला बौद्ध चैत्य आहे आणि इंद्रसभा हे जैन लेणेही आहे. चित्र बिनचूक आणि मथळा चुकीचा, असा प्रकार छापील चित्रांच्या दुनियेत फार घडतो. डोळा भिंगाने बांधलेला असतो. मथळा लिहिणाराला तसे बंधन नसते. त्या काळच्या युरोपीय विद्वत्तेला बौद्ध आणि जैन शिल्पांतील भेद पुरता उमगलेला नव्हता, हे खरे. पण ज्या पुण्यातून आणि औरंगाबादेतून ही चित्रे गेली तेथे हा भेद सांगणारी माणसे मिळाली नसती असे वाटत नाही.

विल्यमच्या आयुष्यात १८०१ साली एक वळण आले, आणि ते त्याने घेतले नाही. मॅथ्यू फ्लिंडर्स 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याच्या पाहणीसाठी निघत होता आणि जहाजावरचा चित्रकार म्हणून विल्यम डॅनियलची नेमणूक झाली होती. त्याच वेळी मेरी वेस्टॉल हिच्याशी त्याचे लग्न ठरले आणि त्याने माघार घेतली. त्याच्या जागी गेला तो मेरीचा धाकटा सावत्रभाऊ विल्यम वेस्टॉल, एकोणीस-वीस वर्षांचा. तो प्रवाळाच्या खडकावर जहाज फुटून अडकला, चीनला गेला आणि १८०४ मध्ये तोही मुंबईस येऊन घाट आणि कार्ल्याची लेणी पाहून गेला! एका घरातल्या दोन चित्रकारांना वेगवेगळ्या वाटांनी सह्याद्रीने ओढून आणले. धाकटा भाऊ सॅम्युअल डॅनियल आफ्रिकेत आणि नंतर सिंहलद्वीपात चित्रे काढीत राहिला, आणि १८११ मध्ये तेथेच वारला. त्याच्या चित्रांचे ताम्रपटही विल्यमनेच केले.

लग्नानंतर विल्यम लंडनमध्ये स्थिरावला तरी त्याची नजर पाण्यावरच होती. त्या वर्षांत टेम्सच्या काठी मोठमोठ्या गोद्या बांधल्या जात होत्या आणि त्यांची विहंगम दृश्ये त्याने एकामागून एक छापली. त्यांत १८०८ चे ईस्ट इंडिया गोदीचे चित्र आहे. मुंबई-कलकत्त्याहून आलेली कंपनीची जहाजे जेथे रिकामी होत ती ही जागा. वर आकाशात पक्षी असावा तसा चित्रकार बसला आहे, खाली डोलकाठ्यांचे रान आहे. १८१० मध्ये काका-पुतण्यांनी चीनमार्गे केलेल्या पहिल्या सफरीचे सचित्र पुस्तक काढले. पन्नास चित्रांच्या त्या पुस्तकात ग्रेव्हसेंडच्या धक्क्यापासून कलकत्त्याच्या नदीपर्यंतचा रस्ता आहे, आणि सागरचित्रकार विल्यम त्यात प्रथमच ठळकपणे दिसतो. केपच्या भूशिराजवळ झालेले वादळ, मागाहून निवळणारा समुद्र, ही दृश्ये पंचवीस वर्षे मनात राहिलेली होती.

त्यानंतरचे त्याचे काम हेच त्याचे सर्वांत मोठे काम. सबंध ब्रिटन बेटाला समुद्राच्या कडेने फेरी घालावयाची आणि किनाऱ्याचे चित्र काढावयाचे, असा संकल्प त्याने १८१३ मध्ये केला. नैर्ऋत्येकडील लँड्स एंड ह्या टोकापासून आरंभ करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जावयाचे होते. बेत गलबतातून जाण्याचा होता. प्रत्यक्षात किनाऱ्याचे खडक आणि प्रवाह असे की बहुतेक वाट पायी आणि घोड्यावरून करावी लागली. उन्हाळ्यात रेखाटने करावयाची आणि हिवाळ्यात घरी येऊन ताम्रपट करावयाचे, अशा सहा फेऱ्या १८२३ पर्यंत झाल्या. १८१४ ते १८२५ ह्या काळात आठ खंड निघाले आणि त्यांत ३०८ चित्रे आहेत. ही चित्रे त्याची एकट्याची. ताम्रपटही त्याचेच. बारा वर्षे एकाच विषयाशी टिकून राहण्याची ही चिकाटी फार थोड्या चित्रकारांत दिसते.

क्लाइड नदीतून धुराचे नळकांडे सोडीत जाणारी आगबोट त्याने काढली आहे. ब्रिटनमध्ये आगबोटीने उतारू नेण्यास सुरुवात १८१२ मध्येच झाली होती, म्हणजे तो नवा प्राणी त्याने अगदी बाल्यावस्थेत टिपला. भर समुद्रात बुडत्या खडकावर उभारलेले बेल रॉकचे दीपगृह आहे. कोळ्यांच्या वाड्या आहेत, मिठागरे आहेत, मोडकळीस आलेले किल्ले आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेस स्टाफा नावाचे बेट आहे. तेथे काळ्या दगडाचे षट्कोनी खांब आपोआप उभे राहिलेले आहेत आणि त्यांच्यामधून समुद्राने पोखरलेली प्रचंड गुहा आहे. विल्यमने ह्या बेटाची अनेक चित्रे केली, त्यांचे स्वतंत्र पुस्तकही काढले. तो दगड बेसाल्ट, ज्वालामुखीचा रस थिजून झालेला. घारापुरीचे लेणेही बेसाल्टातच कोरले आहे, आणि ठाणाकुशनूरच्या शेतातली काळी माती त्याच जातीचा खडक झिजून झालेली आहे. एका बेटावर खांब पाण्याने उघडे केले, दुसऱ्यावर माणसांनी छिन्नीने. दोन्ही गुहांच्या तोंडाशी उभे राहून चित्र काढलेला माणूस एकच, हे त्याच्या हातातल्या साम्यावरून ओळखू येते : बाहेरचा उजेड, आतला अंधार आणि मधला तो करडा पट्टा, जो तेजाबाच्या मोजक्या मिनिटांनी साधतो.

ह्या पुस्तकाचा मजकूर पहिल्या दोन खंडांपुरता रिचर्ड आयटन ह्या लेखकाने लिहिला. तो विल्यमबरोबर पायी हिंडला. त्याला देखाव्यांपेक्षा माणसांत अधिक रस होता. व्हाइटहेव्हन येथे समुद्राच्या तळाखाली गेलेल्या कोळशाच्या खाणीत तो उतरला आणि अंधारात राबणाऱ्या बायका-मुलांची जी दैना पाहिली ती त्याने न लपविता लिहिली. त्याच गावाचे विल्यमचे चित्र पाहिले तर बंदर, जहाजे, टेकडी आणि शांत आकाश. पानाच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते! दोघांत कोण खरा, हा प्रश्न व्यर्थ आहे. दोघेही जे होते तेच सांगत होते. पण १७९३ च्या मुंबईची चित्रे पाहताना आपल्या हाताशी आयटन नाही, एवढे लक्षात ठेवावे. दुसऱ्या खंडानंतर आयटन ह्या कामातून बाहेर पडला आणि पुढचा मजकूर विल्यमने स्वतः लिहिला. तो वाचनीय कमी आहे.

मानसन्मान उशिरा आले, तरी आले. १८०७ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा सहसभासद झाला आणि १८२२ मध्ये पूर्ण सभासद. जॉन कॉन्स्टेबलसारख्या श्रेष्ठ चित्रकाराला ह्या मानासाठी १८२९ पर्यंत थांबावे लागले, हे पाहिले म्हणजे त्या काळी विल्यमचे वजन किती होते ते समजते. काळाने पुढे ती बाजू उलटविली. आज कॉन्स्टेबलचे नाव शाळेतल्या मुलांना माहीत आहे आणि डॅनियलचे संग्राहकांना. १८२५ मध्ये ट्रफाल्गारच्या लढाईवरील चित्रांबद्दल त्याला ब्रिटिश इन्स्टिट्यूशनचे १०० पौंडांचे पारितोषिक मिळाले. १८०५ ची ती लढाई त्याने पाहिलेली नव्हती. जन्मभर ज्याने जागेवर जाऊन रेषा ताडून पाहिली, त्याला मोठे बक्षीस मिळाले ते न पाहिलेल्या गोष्टीबद्दल. तोफांचा धूर, मोडलेल्या डोलकाठ्या आणि लाटा ह्यांत त्याचा हात कसलेला होता, एवढे मात्र निश्चित.

उतारवयात हिंदुस्थान त्याच्याकडे परत आला. १८३४ पासून 'ओरिएंटल अ‍ॅन्युअल' नावाचे भेटीदाखल देण्याचे देखणे वार्षिक निघू लागले. हॉबर्ट कॉन्टरचा मजकूर आणि विल्यमची चित्रे. ती चित्रे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या रेखाटनांवरून बेतलेली होती. म्हणजे १८३५ मधील इंग्रज कुटुंब दिवाणखान्यात बसून जो हिंदुस्थान पाहत होते तो वस्तुतः महादजी शिंद्यांच्या काळातला होता. मधल्या काळात पेशवाई बुडाली होती, कंपनीचे राज्य सतलजपर्यंत पोचले होते. चित्रातली झाडे आणि होड्या होत्या तशाच होत्या. मद्रास आणि लखनौ ह्या शहरांची वर्तुळाकार भव्य चित्रेही त्याने ह्याच सुमारास केली. प्रेक्षकाने मध्ये उभे राहावे आणि सभोवार शहर पाहावे, अशी ती योजना होती.

विल्यम डॅनियल १६ ऑगस्ट १८३७ रोजी लंडनमध्ये कॅमडेन टाउन येथे वारला. ज्याने त्याला दहाव्या वर्षी घरी आणले तो काका टॉमस मागे राहिला, आणि १८४० मध्ये ९१ वर्षांचा होऊन गेला. मधल्या वर्षी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये दागेरने अंधाऱ्या पेटीतले प्रतिबिंब हाताने न गिरविता धातूच्या पत्र्यावर आपोआप उमटविण्याची कृती जाहीर केली होती.

डॅनियल काका-पुतण्यांच्या मूळ चित्रांचा आपल्या देशातील सर्वांत मोठा संग्रह कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. विल्यमने लिहिलेली रोजनिशी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. गंगाराम तांबटाची लेण्यांची व इतर रेखाचित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात जपून ठेवलेली आहेत, आणि तेथे ती त्याच्या नावाने नोंदलेली आहेत.